शैशवातील समवयस्क-संबंध आणि पाळणाघराची व्यवस्था : बंगळुरूच्या संदर्भात

मूल जन्मतःच सामाजिक असते की इतरांच्या सहवासाने ते सामाजिक होते, हा विकासात्मक मानसशास्त्रातील जुना प्रश्न आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात हा प्रश्न बहुधा आई आणि मूल यांच्या नात्यापाशीच थांबतो. बोल्बी, एन्सवर्थ, एरिक्सन ही नावे पाठ होतात; परंतु दोन तान्ही मुले एकमेकांसमोर बसविली असता त्यांच्यात काय घडते, याकडे पाठ्यपुस्तके क्वचितच वळतात. वस्तुतः हा प्रश्न आता केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाही. बंगळुरूसारख्या महानगरात तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्रिया, बांधकामावरील मजूर जोडपी आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदार आईवडील यांच्यात उत्पन्नाचे कितीही अंतर असले, तरी एक अडचण समान आहे. कामाच्या वेळेत सांभाळायला घरात कोणी नाही. परिणामी सहा-आठ महिन्यांचे मूल दिवसाचे सात-आठ तास आपल्याच वयाच्या, रक्ताचे नाते नसलेल्या मुलांमध्ये घालविते. भारतीय बालसंगोपनाच्या दृष्टीने ही स्थिती नवी आहे. या स्थितीचे नियमन करणारे कायदेही अलीकडेच बदलले आहेत. म्हणून मानसशास्त्र आणि सामाजिक धोरण या दोन्ही अंगांनी हा विषय अभ्यासणे आवश्यक ठरते.

पहिल्या वर्षातील वाटचाल

नवजात बालकांच्या कक्षात एक मूल रडू लागले की शेजारची मुलेही रडू लागतात, हा परिचारिकांचा नित्याचा अनुभव आहे. १९७० च्या दशकापासून झालेल्या प्रयोगांनी त्यास आधार दिला. नवजात बालकाला त्याच्याच रडण्याचे ध्वनिमुद्रण ऐकविले आणि दुसऱ्या नवजात बालकाचे ऐकविले, तर दुसऱ्याचे रडणे ऐकून ते अधिक रडते. यास सहानुभूती म्हणणे घाईचे होईल, कारण 'मी' आणि 'तो' हा भेद त्या वयात झालेला नसतो. तथापि दुसऱ्या मानवी शिशूचा आवाज हा इतर आवाजांसारखा नाही, एवढी जाण तेव्हापासूनच असावी असे दिसते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सामाजिक स्मित प्रकटते. चेहरा पाहून उमटणारे हे हसू आधी मोठ्यांसाठी असते; पण समोर दुसरे बाळ आले की तेही टक लावून पाहण्याचा विषय होते. साधारण सहाव्या महिन्यापर्यंत बाळ दुसऱ्या बाळाकडे पाहून हुंकार देते, हात पुढे करते, त्याच्या गालाला, केसांना, कपड्यांना स्पर्श करते. हा स्पर्श पुष्कळदा ओढणे किंवा बोचकारणे वाटतो आणि मोठी माणसे घाईने दोघांना दूर करतात. त्यात आक्रमकता नसते. हातावर पुरेसे नियंत्रण नसलेल्या जिवाची ती चौकशी असते.

आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास दोन गोष्टी एकदम घडतात. एक म्हणजे अपरिचितांची भीती. याच वयात बाळ ओळखीच्या व्यक्तीला घट्ट धरून राहते. दुसरी म्हणजे संयुक्त अवधान, अर्थात एखाद्या वस्तूकडे आपण पाहत असताना समोरचाही तिकडेच पाहतो आहे, हे उमगणे. बोट दाखविणे, वस्तू पुढे करणे आणि परत घेणे हे खेळ येथून सुरू होतात. दोन बाळांमधील पहिले खरे व्यवहार बहुधा अशा एखाद्या वस्तूभोवतीच होतात. एका चेंडूवर किंवा रिकाम्या डब्यावर दोघांचे लक्ष जाते आणि त्या निमित्ताने ती एकमेकांना भेटतात. भांडणही त्याच डब्यावरून होते. म्हणून या वयातील भांडण हे सामाजिकतेच्या अभावाचे लक्षण मानता येत नाही. दुसऱ्याच्या हातातील वस्तूच हवी वाटणे, हे त्याची दखल घेतल्याचेच लक्षण होय.

वर्षानंतर अनुकरण वाढते. एकाने थाळी वाजविली की दुसरा वाजवितो, पहिला थांबून पाहतो आणि पुन्हा वाजवितो. यात पाळीपाळीने बोलण्याचा, म्हणजे संभाषणाचा, आराखडा शब्दांवाचून तयार होतो. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल आरशात स्वतःला ओळखू लागते. 'स्व'ची ही जाणीव आणि दुसऱ्याचे सांत्वन करण्याचा प्रयत्न या गोष्टी साधारणपणे एकाच काळात दिसू लागतात. रडणाऱ्या सोबत्याला आपली बाहुली नेऊन देणारे मूल याच वयाचे असते. ती बाहुली त्या सोबत्याला आवडत नसली तरी चालते, कारण ती देणाऱ्याला आवडत असते.

हा क्रम आपोआप उलगडतो की त्यासाठी सहवास लागतो, याचा अंदाज २०२० च्या टाळेबंदीने अनपेक्षितपणे दिला. आयर्लंडमध्ये टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या बालकांचा पाठपुरावा करण्यात आला. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश बालकांना पहिल्या वाढदिवसापर्यंत आपल्या वयाचे दुसरे मूल भेटलेच नव्हते. महामारीपूर्वीच्या बालकांशी तुलना करता, एक तरी अर्थपूर्ण शब्द उच्चारणे, बोट दाखविणे आणि 'टाटा' करणे या तीन बाबतींत ही बालके काहीशी मागे होती. रांगण्यात मात्र ती पुढे होती. ही माहिती पालकांनी सांगितलेली आहे आणि समवयस्कांचा अभाव हे एकमेव कारण म्हणून सिद्ध झालेले नाही. आजीआजोबा, शेजारी, दुकानदार हेही त्या वर्षी भेटले नव्हतेच. तरीही ज्या तीन गोष्टी मागे पडल्या त्या तिन्ही दुसऱ्या माणसाला उद्देशून करावयाच्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

समांतर खेळाविषयीचा गैरसमज

परीक्षेत हमखास विचारले जाणारे वर्गीकरण मिल्ड्रेड पार्टेन यांचे आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथील शिशुशाळेत त्यांनी केलेले निरीक्षण १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. निष्क्रिय अवस्था, एकाकी खेळ, प्रेक्षकवृत्ती, समांतर खेळ, साहचर्यात्मक खेळ आणि सहकारी खेळ अशा सहा पायऱ्या त्यांनी मांडल्या. विद्यार्थी त्या पाठ करतात आणि त्यातून एक चुकीचा निष्कर्ष काढतात, तो असा की दोन-अडीच वर्षांचे मूल फक्त समांतर खेळते, म्हणजे शेजारी बसूनही एकटेच असते, आणि त्यापूर्वी तर समवयस्कांशी त्याचा संबंधच नसतो. पार्टेन यांनी पाहिलेली मुले साधारण दोन ते पाच वर्षांची होती. त्याहून लहान मुलांविषयी त्यांच्या वर्गीकरणातून काही सिद्ध होत नाही. शिवाय ही शिडी नाही. सहकारी खेळ खेळता येणारे चार वर्षांचे मूलही दिवसातून अनेकदा समांतर खेळाकडे परतते. नव्या गटात शिरताना तर ते मुद्दाम तसे करते. आधी शेजारी बसून तीच कृती करावयाची आणि मग हळूच सामील व्हावयाचे, ही त्याची रीत असते.

गैरसमजाला दुसरेही एक मूळ आहे. १९३९ मध्ये माउड्री आणि नेकुला यांनी संस्थेत राहणाऱ्या शिशूंना जोडीजोडीने एकत्र ठेवून निरीक्षण केले. पहिल्या वर्षात शिशू एकमेकांकडे खेळण्याची वस्तू किंवा अडथळा म्हणूनच पाहतात, असे त्यांचे मत झाले. हे मत बराच काळ टिकले. १९७० च्या दशकात म्युलर प्रभृती संशोधकांनी परिचित मुलांना पुनःपुन्हा एकत्र आणून पाहिले, तेव्हा चित्र बदलले. अनोळखी मुलांची एकदाच घडविलेली भेट आणि रोजच्या सोबत्याची भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा स्पष्ट झाले. कॅरोली हाउज यांनी पाळणाघरातील मुलांचा अभ्यास करून दाखविले की दोन वर्षांखालील मुलांचेही विशिष्ट सोबती ठरलेले असतात. ती त्यांना शोधतात, त्यांच्याशी अधिक गुंतागुंतीचे खेळ खेळतात, आणि गट स्थिर राहिल्यास हे संबंध वर्ष-दोन वर्षे टिकतात. स्थिर गटातील मुलांचे सामाजिक कौशल्यही अधिक आढळते. प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच होय. शिशूला फक्त 'मुले' पुरेशी नसतात. त्याला तीच ती मुले लागतात.

आईची जागा सोबती घेऊ शकतात काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयोग कोणी मुद्दाम करणार नाही. परंतु इतिहासाने तो घडविला. नाझी राजवटीत मातापित्यांना मुकलेली सहा जर्मन-ज्यू बालके वर्षाची होण्याच्या सुमारास किंवा त्यापूर्वीच तेरेझिनच्या छळछावणीत पोहोचली आणि तेथील अनाथ बालकांच्या कक्षात एकत्र वाढली. त्यांची देखभाल करणारी माणसे सतत बदलत राहिली. बदलली नाहीत ती फक्त ही सहा मुले. १९४५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना इंग्लंडला नेण्यात आले आणि ससेक्समधील 'बुलडॉग्ज बँक' नावाच्या घरात ठेवण्यात आले. तेव्हा ती तीन ते चार वर्षांची होती. ॲना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये त्यांच्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. मुले मोठ्या माणसांशी प्रारंभी शत्रुत्वाने वागत, चावत, थुंकत. पण एकमेकांपासून क्षणभरही दूर होण्यास तयार नसत. खाऊ वाटताना प्रत्येकाचे लक्ष आपल्या वाट्यापेक्षा दुसऱ्याला मिळाला की नाही याकडे असे. या वयात सामान्यतः दिसणारी असूया त्यांच्यात जवळजवळ नव्हती.

समवयस्कांशी जडणारा अनुबंध किती खोल असू शकतो याचे हे टोकाचे उदाहरण आहे. मात्र त्यावरून आई किंवा स्थिर पालनकर्त्याची गरज नाही, असा अर्थ काढणे चूक ठरेल. ही मुले अत्यंत अस्वस्थ होती, आणि अभ्यासकांनीही ते लपविलेले नाही. हॅरी हार्लो यांच्या माकडांवरील प्रयोगांतून दुसरी बाजू दिसते. आईविना केवळ समवयस्क पिल्लांसोबत वाढलेली पिल्ले एकमेकांना घट्ट बिलगून राहिली आणि नव्या गोष्टींना घाबरत राहिली. आईसोबत पण समवयस्कांविना वाढलेली पिल्लेही पुढे कळपात नीट वागू शकली नाहीत. माकडांवरून माणसाविषयी बोलताना जपून बोलावे लागते. तरीही दोन्ही निरीक्षणे एकत्र ठेवली की बोल्बी आणि एन्सवर्थ यांच्या 'सुरक्षित तळ' या कल्पनेचा अर्थ नीट उलगडतो. ओळखीचे मोठे माणूस जवळ असले, तरच मूल निर्धास्तपणे दुसऱ्या मुलाकडे रांगत जाते, आणि मागे वळून ते माणूस तेथेच आहे ना, हे पाहते. पाळणाघरात हा तळ म्हणजे तेथील सेविका. ती महिन्या-दोन महिन्यांनी बदलत असेल, तर भोवती वीस मुले असूनही बाळ एका जागी बसून राहते.

'समवयस्क' ही कल्पना आणि भारतीय अंगण

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. एकाच वयाच्या मुलांचा गट ही कल्पना मुळात शाळा आणि पाळणाघर असलेल्या समाजाची आहे. भारतीय खेड्यात वा वाड्यात तान्हे मूल वाढत असे ते सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्याच्याभोवती चुलत-मावस भावंडांचा मिश्र वयाचा मेळा असे. अशा मेळ्यात लहान मूल मोठ्यांचे पाहून शिकते. मोठे मूल आपल्याहून लहानाशी जुळवून घ्यावयास शिकते. वायगॉट्स्की यांच्या 'निकट विकासक्षेत्र' या संकल्पनेत 'अधिक सक्षम सोबती' हे शब्द येतात, त्यांचा या ठिकाणी सहज प्रत्यय येतो. या व्यवस्थेची किंमत मात्र त्या सात वर्षांच्या बहिणीने मोजली; तिची शाळा सुटली.

महाराष्ट्रात हे सर्वप्रथम नेमकेपणाने ओळखले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून देशभर गेला. पुढे कोसबाड येथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरलीने शेजारच्या वर्गात बसावे, अशी ती योजना होती. मिश्र वयाचा सहवास तर राहिला, पण थोरलीच्या कडेवरचे ओझे उतरले.

बंगळुरूतील वास्तव

बंगळुरूत या अंगणाची जागा कशाने घेतली आहे, हे पाहू गेल्यास एक नव्हे, निदान तीन शहरे दिसतात. पहिले शहर उंच इमारतींचे. तेथे बाळाला स्वतंत्र खोली, भरपूर खेळणी आणि दिवसभर एक सांभाळणारी बाई मिळते. समवयस्क भेटतात ते संध्याकाळी इमारतीखालच्या बागेत, अर्धा-पाऊण तास. बाळ सुरक्षित असते, परंतु एकटे असते. खासगी पाळणाघरे याच वर्गासाठी निघाली आणि त्यांचे शुल्कही याच वर्गाला परवडणारे आहे.

दुसरे शहर पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता या भागांतील तयार कपड्यांच्या कारखान्यांचे. येथील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. कारखान्यासाठी पाळणाघर असणे कायद्याने बंधनकारक असले, तरी सकाळच्या गर्दीच्या बसमधून तान्ह्याला घेऊन यावयाचे कसे, हा प्रश्न कायद्यात नसतो. त्यामुळे अनेक मुले वस्तीतच शेजारणीकडे राहतात किंवा गावी आजीकडे पाठविली जातात. गावी गेलेल्या मुलाला समवयस्क आणि मिश्र वयाचे मेळे दोन्ही मिळतात. आई मिळत नाही.

तिसरे शहर बांधकामांचे, आणि शैशवातील सोबतीच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय तेच. रायचूर, यादगीर, कलबुर्गी या जिल्ह्यांतून, आंध्र, ओडिशा, बिहार, बंगालमधून आलेली कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांत शेजारी शेजारी राहतात. आयांना एकमेकींची भाषा येत नाही. मुलांचे मात्र त्यावाचून काही अडत नाही. शैशवातील व्यवहार हावभाव, अनुकरण आणि वस्तूंची देवघेव यांवर चालतात. शब्द नंतर येतात. हे सोबती बोलू लागले की 'बा' (ये), 'कोडु' (दे), 'बेड' (नको) असे काही कन्नड शब्द त्यांची सामाईक भाषा होऊ शकतात, मग घरी आई तेलुगू बोलत असो वा ओडिया. स्थलांतरित मूल नव्या राज्याच्या भाषेशी असे पहिल्यांदा जोडले जाते ते शाळेत नव्हे, तर सोबत्यामुळे. ही गोष्ट भाषानियोजनाचा विचार करणाऱ्यांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे.

परंतु स्लॅबचे काम संपते, मुकादम दुसरीकडे काम धरतो, आणि पत्र्याच्या खोल्या एका आठवड्यात उठतात. दीड वर्षाच्या मुलाच्या आयुष्यातील सहा महिन्यांची सोबत त्या दिवशी संपते. त्याला ते सांगता येत नाही आणि मोठ्यांना त्याची नोंद घेण्याची सवड नसते. काही दिवस मूल चिडचिडे होते, नीट जेवत नाही. त्याचा दोष हवापाण्याला दिला जातो.

कायदा काय मोजतो?

पाळणाघराविषयीच्या भारतीय कायद्यांचा प्रवास अभ्यासण्यासारखा आहे. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये प्रारंभी पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांना सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक होते. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणण्यात आली. मळे कामगार अधिनियम, १९५१ आणि इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ यांतही स्त्री कामगारांच्या संख्येवर आधारलेल्या अशाच तरतुदी होत्या. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ मध्ये कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आल्यास ती सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद होती. या सर्व तरतुदींत एक गृहीतक समान होते. मूल हे स्त्री कामगाराचे, आणि पाळणाघर ही तिला दिलेली सवलत. याचा एक विपरीत परिणामही झाला. स्त्रियांची संख्या मर्यादेच्या किंचित खाली ठेवली की पाळणाघर टळते, हे मालकांना दिसत होते.

मातृत्व लाभ (सुधारणा) अधिनियम, २०१७ ने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. येथे प्रथमच मोजणी स्त्रियांची न राहता सर्व कर्मचाऱ्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या आणि वरीलपैकी बहुतेक जुने कामगार कायदे त्यांत विलीन झाले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० या दोहोंत पाळणाघराची तरतूद आहे. मोजणी लिंगनिरपेक्ष आहे, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा आहे, आणि अनेक आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर चालविण्यासही वाव आहे.

सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. सहाव्या महिन्यात बाळ समवयस्कांकडे हात पुढे करू लागते, आणि अपरिचितांची भीती अजून दोनेक महिने दूर असते. पाळणाघरात प्रवेशासाठी हा काळ तुलनेने सोयीचा आहे. हीच सुरुवात नवव्या महिन्यात झाली, तर रुळण्यास अधिक काळ लागतो. रजेची मुदत ठरविताना हा हिशेब कोणी केला असेल असे नाही. पण तो जुळतो. अडचण अशी की ही रजा संघटित क्षेत्रापुरती आहे. बांधकामावरील स्त्री त्याआधीच कामावर परतलेली असते.

तरतुदींत जे मोजले जाते, ते म्हणजे कर्मचारी, खोली, अंतर आणि भेटी. सेविका किती महिने टिकली, गटातील मुले किती काळ एकत्र राहिली, याची मोजणी कोठेही नाही. शिशूच्या दृष्टीने निर्णायक गोष्टी नेमक्या याच आहेत.

योजनांतील तीन वर्षांची पोकळी

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली, कर्नाटकातील टी. नरसीपूर हा त्यांपैकी एक. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना पूरक आहार मिळतो, पण तो बहुधा घरी नेण्यासाठी. म्हणजे ज्या वयात समवयस्कांशी पहिला संबंध जुळतो, त्या वयात अंगणवाडी मुलाला आहार देते. सोबत देत नाही. शिवाय अंगणवाडीची वेळ आईच्या पाळीपेक्षा कमी असते. संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या 'संगोपन आणि शिक्षणा'चा एकत्र उल्लेख आहे. प्रत्यक्षात शिक्षण तीननंतर सुरू होते आणि संगोपन घरावर सोडले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नेही पायाभूत टप्पा तीन वर्षांपासूनच धरला आहे.

ही पोकळी भरण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती. २०२२ पासून 'मिशन शक्ती'अंतर्गत 'पालना' योजना तिचे काम पुढे नेत आहे, आणि 'अंगणवाडी-सह-पाळणाघर' हा तिचा नवा भाग आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाची २५ पर्यंत मुले, एक सेविका, एक मदतनीस, महिन्याला २६ दिवस आणि रोज साडेसात तास असे तिचे स्वरूप आहे. २०२४ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने शून्य ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आणि तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. कर्नाटक शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात चार हजार ग्रामपंचायतींमध्ये 'कूसिन मने', म्हणजे बाळाचे घर, उघडण्याची घोषणा केली. ही योजना ग्रामीण भागासाठी होती आणि प्रामुख्याने रोजगार हमीवरील स्त्रियांची मुले तीत अभिप्रेत होती. महानगरातील बांधकामावरचे मूल तिच्या कक्षेत येत नाही.

पाळणाघराचा आणखी एक उपयोग येथे नमूद केला पाहिजे. मूल इतर मुलांकडे लक्षच देत नाही, बोट दाखवीत नाही, हाकेला वळत नाही, ही चिन्हे घरात एकटे वाढणाऱ्या मुलात उशिरा ध्यानात येतात. स्वमग्नतेच्या प्राथमिक चाचणीत 'मुलाला इतर मुलांत रस आहे काय' हा प्रश्न असतोच. पण इतर मुले भेटलीच नसतील, तर पालकांनी उत्तर काय द्यावे? २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार बाबींची तपासणी होते. त्यांपैकी शेवटची बाब ओळखण्यास रोज दहा मुले शेजारी शेजारी पाहणारी सेविका हे सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे साधन आहे. बंगळुरूत निम्हान्ससारखी राष्ट्रीय संस्था आहे. तेथपर्यंत मूल वेळेत पोहोचावे यासाठी ते आधी कोणाच्या तरी नजरेस पडावे लागते.

कामाच्या जागी की वस्तीत?

बांधकामावरील मुलांसाठी देशात पहिला संघटित प्रयत्न १९६९ मध्ये दिल्लीत झाला. गांधी जन्मशताब्दीनिमित्त राजघाटाजवळ चाललेल्या 'गांधी दर्शन' प्रदर्शनाच्या बांधकामावर धुळीत पडलेली मुले पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच एका तंबूत पाळणाघर उघडले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली आणि १९७० च्या दशकात तिचे काम मुंबईतही सुरू झाले. बांधकाम संपले की पाळणाघर दुसऱ्या बांधकामावर न्यावयाचे, ही तिची पद्धत नावातच होती. आईला दूध पाजण्यासाठी सुटी मिळण्याच्या दृष्टीने कामाच्या जागेवरील पाळणाघराला पर्याय नाही. विशेषतः पहिल्या वर्षी हा विचार सर्वांवर मात करणारा आहे.

दुसऱ्या वर्षापासून पारडे बदलते. मूल वरचे खाऊ लागलेले असते आणि सोबत्यांची ओळख पक्की होऊ लागलेली असते. या वयासाठी वस्तीतील सामाईक पाळणाघर अधिक उपयुक्त ठरू शकते, कारण कामाची जागा वा कारखाना बदलला तरी कुटुंब त्याच वस्तीत राहत असेल, तर सोबती आणि सेविका दोन्ही टिकतात. कारखान्यातील स्त्रीला तान्ह्याला घेऊन बसप्रवासही करावा लागत नाही. पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत अनेक लहान आस्थापना एकमेकींना लागून आहेत. त्यांतील पुष्कळांत पन्नास कर्मचारी नाहीत, म्हणून एकट्याने त्यांच्यावर कोणतेच बंधन येत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेतील सामाईक पाळणाघराची तरतूद अशा ठिकाणी वापरता येण्याजोगी आहे. कामाच्या ठिकाणापासून पाळणाघराचे अंतर किती असावे हे नियमांनी ठरवावयाचे असते. ते ठरविताना आईच्या कारखान्याबरोबरच तिच्या घराचाही विचार झाला, तर दीड वर्षाचे मूल आज ज्याच्याशी डबा वाजवीत बसले, त्याच्याशीच उद्या आणि पुढल्या महिन्यातही बसू शकेल.